कडू सोडून बाकीचं

"काका, पप्पा ऑफ थई गया." हिरामणच्या मुलाने, केतनने, फोनवर एवढंच सांगितलं. सुरतेत जन्मलेली आमची पोरं आता गुजरातीतच हसतात, गुजरातीतच रडतात आणि इथे माणूस गेला की 'ऑफ' होतो. मी उधन्याच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. रडू यायच्या आधी मला राग आला. गुरुवार होता आणि हिरामणने मला रविवारी बोलावलं होतं. मग व्हॉट्सॲपवर गंधमुक्तीचा मेसेज आला. आमच्या खानदेशात उत्तरकार्याला गंधमुक्ती म्हणतात. शब्द जुना, त्याचा काही दोष नाही. पण जो वर्षभरापूर्वीच गंधाला मुकला होता त्याच्या नावापुढे तो वाचून मी मोबाइल कॉटवर आपटला. महिना उलटला तरी ती चिडचिड काही जात नाही...

आम्ही दोघं एकाच गावचे. बरोबरच सुरतेला आलो आणि पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागलो. हिरामण पुढे रंगमास्तर झाला, मी त्याच्या हाताखाली राहिलो. ओल्या कापडाचा तुकडा उजेडात धरून तो निळ्याची नावं सांगायचा, मोरपंखी, अस्मानी, जांभळट, राखी, आणि मीही सांगायचो. तेवढं आम्हाला येत होतं. मग त्याला जावा बेटावर, बांडुंगच्या मिलमध्ये काम मिळालं. गेला तेव्हा चहाबाज होता. काही वर्षांनी परत आला तो कॉफीचं वेड घेऊनच.

आणि वेडही कसलं, तर ज्वालामुखीच्या कॉफीचं! सुट्टीच्या दिवशी तो तिथल्या डोंगरांवर चढायचा. डोंगराच्या डोक्यातून धूर निघतोय आणि खाली उतारावर मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी पिकतेय, हे त्याने मला शंभरदा ऐकवलं असेल. तिथली माती राखेची, भुसभुशीत; पाऊस पडला की पाणी साठवत नाही, खाली सोडून देते. वर गारवा, म्हणून फळ सावकाश पिकतं, आणि सावकाश पिकलं की अंगात भरतं. "अरे, आपली काळी मातीही लाव्हाचीच की," मी एकदा म्हणालो. त्यावर तो उसळला. आपली काळी म्हातारी झालीय, पाणी धरून बसते, कॉफीची मुळं कुजतील म्हणाला. डचांनी आपल्या मलबारातून रोपं नेऊन जाव्यात लावली, शेतकऱ्यांकडून सक्तीने पिकवून घेतली, आणि पिकवणाऱ्याच्या वाट्याला पेलाभर येईना, हे तो अशा संतापाने सांगायचा, जणू कालचीच गोष्ट! फ्रेंचांनी तसंच अरबांकडून रोप उचलून आफ्रिकेजवळच्या आपल्या बेटावर लावलं, तेही बेट ज्वालामुखीचंच. आणि या सगळ्याच्याही आधी अरबांच्या मोखा बंदरातली कॉफी जहाजातून आपल्या सुरत बंदरात उतरायची. त्या सुरतेत आज कॉफी मागितली की पोऱ्या विचारतो, "कोल्ड कोको चालशे?" हिरामण हॉटेलातून तरातरा बाहेर पडायचा आणि बिचाऱ्या पोऱ्याची माफी मला मागावी लागायची.

बांडुंगचा एक जुना सोबती येता-जाता त्याला कच्च्या बिया आणून द्यायचा. हिरामण त्या बिया लोखंडी कढईत भाजायचा. घरभर धूर, मंगलावहिनी पदर नाकाला लावून गॅलरीत. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि याचा वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. जिरे-मोहरीची फोडणी कळेना, अगरबत्ती कळेना, आणि कॉफी म्हणजे नुसतं कडू पाणी झालं. तेव्हापासून दर रविवारी माझी परीक्षा सुरू झाली. दूध नाही, साखर नाही. कप माझ्यासमोर ठेवायचा आणि डोळे माझ्या तोंडावर लावायचा. "सांग."

काय सांगणार? मी म्हणायचो, "कडू."

"कडू तं माले बी लागस. बाकीनं सांग!"

बाकीचं मला कळत नव्हतं असं नाही. काहीतरी यायचं नाकात, जड, ओळखीचं, पण त्याला नाव सापडेना. चंदन म्हणून पाहिलं, शेंगदाण्याचं कूट म्हणून पाहिलं. तो मान हलवायचा. "निळा रंगले पन्नास नावं शेतस तुनाकडे, नि चवले एकच? नाक शे का पत्रा?" मी भडकायचो. पेन्शनीत आलेल्या माणसाने रविवारची सकाळ अशी घालवायची? शेवटच्या भेटीत तर मी कप आपटून म्हणालो, "कडू, कडू आणि कडू!" वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊ, साखर टाकू का थोडीशी?" तो खो खो हसला. "जाऊ दे. पुढला रविवारले सांग."

आणि बुधवारी रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही.

तोच रविवार उजाडला तेव्हा आम्ही अस्थी घेऊन खानदेशात, तापीकाठच्या प्रकाशा गावाला निघालो होतो. तापी सुरतेतही आहेच, पण वहिनींना आपल्याकडचीच तापी हवी होती. केतन गाडी चालवत होता, वहिनी मागे, कलश माझ्या मांडीवर. बारडोली आली. उसाचा हंगाम चालू होता, साखर कारखाना जवळ आला तसा तो वास गाडीत शिरला. "बहु वास मारे छे," म्हणत केतनने काच वर घेतली.

"काच खाली कर!" मी इतक्या जोरात ओरडलो की त्याने गाडीच बाजूला घेतली. मळी! साखर काढून झाल्यावर उरते ती काळी मळी. गोडसर, जळकट, जड. वर्षभर माझ्या नाकाशी येऊन परत जात होती ती हीच. मी कलशावर वाकलो, फडक्याच्या गाठीला तोंड लावलं आणि म्हणालो, "हिरामण, मळी रे. तुनी कॉफीले मळीना वास येस." मागे वहिनी हुंदके देऊ लागल्या. आणि मला पुन्हा तोच, डोळ्यांत पाणी आणणारा राग आला. रविवार तूच दिला होतास ना? मग चार दिवस थांबायला काय झालं होतं रे तुला?