अय्याज मुलाणीची तीन कोटेशनं

अय्याज मुलाणी चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये परचेस ऑफिसर आहे. पत्र्याचे भाग दाबायचे आणि गाड्यांच्या कंपन्यांना पुरवायचे, हा त्या कारखान्याचा धंदा. पत्र्यापासून हातमोज्यापर्यंत जे काही विकत घ्यायचं, ते अय्याजच्या सहीशिवाय गेटच्या आत येत नाही. गेल्या चौदा वर्षांत त्यानं तीन कोटेशनं मागवल्याशिवाय साधा खराटाही घेतलेला नाही. कंपनीचा तसा नियमच आहे. तो घरीही पाळा, असं कंपनीनं कधी म्हटलेलं नाही.

पण अय्याज पाळतो. लेकीच्या, जिकराच्या दातांना तारा बसवायच्या होत्या, तेव्हा त्यानं तीन डॉक्टर पालथे घातले आणि तिसऱ्याला पहिल्याचा भाव सांगून पाच हजार कमी करून घेतले. या सगळ्यात चार महिने गेले आणि दात आणखी थोडे वाकडे झाले, पण पाच हजार वाचले ते वाचलेच. जिकराचा नवरा मुलगा मात्र जिकरानं स्वतः पसंत केला. तिच्याच ऑफिसातला, मोशीचा, आणि एकच. मुलगा चांगला होता, माणसं सरळ होती, अय्याजनं होकार दिला. तरी एकाच पार्टीवर ऑर्डर काढल्याची रुखरुख त्याला बरेच दिवस लागून राहिली. त्याची बायको मदिना म्हणाली, "मग काय, आणखी दोन जावई बघायचेत का?" यावर त्यानं क्षणभर विचार केला, हे खरं आहे.

लग्न ठरलं आणि घोडं अडलं ते अन्वरभाईंपाशी.

अन्वरभाई हे अय्याजचे वडील. घरात लहानथोर सगळे त्यांना अब्बा म्हणतात, जिकरासुद्धा. भोसरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी पॉवर प्रेस चालवला. कानात घालायला तेव्हा कापूस मिळे, तोही मागितला तर. अन्वरभाईंनी मागितला नाही. निवृत्त होताना त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, पण त्याची टिकटिक काही त्यांना ऐकू आली नाही. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच त्यांच्यापर्यंत काही पोचतं. त्यामुळे चऱ्होलीच्या त्या घरात त्यांच्याशी कामापुरतंच बोललं जातं आणि शेजाऱ्यांना सगळं कळतं.

जिकरा जन्मली तेव्हाच अन्वरभाईंनी सांगून ठेवलं होतं, हिच्या निकाहला साक्षीदार मी. काझीसाहेब साक्षीदारांना घेऊन नवरीच्या खोलीत जातात, तिला विचारतात, ती 'कबूल' म्हणते, साक्षीदार ते आपल्या कानांनी ऐकतात आणि सही करतात. नवरीनं हे खाली मान घालून, पुटपुटत म्हणायचं असतं. मोठ्यानं म्हणणं बरं दिसत नाही. तसं कुणी म्हटल्याचं चऱ्होलीत कुणाला आठवत नाही.

"साक्षीदार दुसरा बघ," तारीख ठरली त्या दिवशी अन्वरभाई अय्याजला म्हणाले. "मला तिचं ऐकू येनार न्हाई. आन् न ऐकता मी सही करनार न्हाई."

हे ते लटकं बोलत नव्हते. कारखान्यात शिफ्ट संपताना मालाच्या कागदावर सही करावी लागे, आणि न मोजलेल्या मालावर त्यांनी एकदाही सही केली नाही. त्यापायी दोन सुपरवायझरांशी त्यांचं वाजलं होतं. ते निकाहच्या कागदावर डोळे झाकून सही करतील, ही आशाच नको.

तेव्हा कानाचं मशीन. अय्याजनं अर्थातच तीन दुकानं पाहिली. स्वस्तातली मशीनं अन्वरभाईंच्या कानात नुसती शिट्ट्या मारत. शेवटी चिंचवडच्या एका दवाखान्यात त्यांना एक जोडी लावून बघितली. जिकरा त्यांच्या मागे उभी होती. ती रोजच्या साध्या आवाजात म्हणाली, "अब्बा." आणि अन्वरभाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अय्याज उगाच भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचत उभा राहिला.

जोडीची किंमत एक लाख पासष्ट हजार. निकाहला बावीस दिवस होते. हातातले पैसे हॉलला आणि जेवणाला गेले होते, कंपनीच्या सोसायटीचं कर्ज आधीच उचललेलं होतं. दवाखाना बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते द्यायला तयार होता, मात्र क्रेडिट कार्डावर, आणि सगळी रक्कम एकाच कार्डावर. अय्याजच्या कार्डाचं लिमिट होतं ऐंशी हजार, आणि त्यातले अडुसष्ट हजार लग्नाच्या कपड्यांनी अडवून ठेवलेले. लिमिट वाढवून घेणं भाग होतं.

आता हे काम कुणी साध्या माणसानं केलं असतं तर ते कसं झालं असतं कोण जाणे. अय्याजनं ते खरेदीखात्याच्या पद्धतीनं केलं. आपल्या बँकेकडे सरळ जाऊन मागायचं म्हणजे एकाच पार्टीच्या पायाशी जाऊन बसणं. म्हणून त्यानं आधी दुसऱ्या चार बँकांकडे नव्या कार्डासाठी अर्ज टाकले. कार्ड त्याला नको होतंच. समोरच्यापुढे टाकायला आकडे हवे होते. अर्जात पगार विचारला होता. आपला आकडा आधी सांगायचा नाही, हा तर धंद्यातला पहिला धडा, म्हणून त्यानं चार वर्षांपूर्वीचा पगार लिहिला. त्यानंतर त्याला दोन बढत्या मिळाल्या होत्या, पण त्या त्यानं राखून ठेवल्या, म्हणजे घासाघीस सुरू झाली की काढता येतील.

मग त्यानं आपल्या बँकेला फोन लावला आणि चार लाखांचं लिमिट मागितलं. हवं होतं अडीच लाखांचं, पण समोरचा खाली ओढणारच.

"चार दुसऱ्या बँका तयार आहेत," तो म्हणाला. "तुमचं बोला."

पलीकडच्या मुलीनं काहीच ओढलं नाही. तिनं विनंती नोंदवली आणि आभार मानले. अशी पार्टी अय्याजनं आयुष्यात पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात चारही बँकांचे नकार आले, आणि पाचवा त्याच्या स्वतःच्या बँकेचा. सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा, असं त्यात लिहिलेलं होतं. निकाहला अकरा दिवस होते. अय्याजनं अर्धी रजा टाकली आणि तो शाखेत गेला. तिथे तनुजा नावाची एक अधिकारी होती, त्याच्या जिकरापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं त्याचं खातं उघडलं आणि पडद्यावरच्या नोंदी बोटानं मोजल्या.

"सर, मागच्या अकरा दिवसांत तुम्ही पाच ठिकाणी मागितलंय."

"कोटेशनं घेतलीत, मॅडम."

"बँकेला ती कोटेशनं दिसत नाहीत. हा माणूस अडचणीत आहे आणि दारोदार फिरतोय, असं दिसतं. प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि प्रत्येक बँक ती बघते."

"म्हणजे मी चौकशी केली, ती माझ्याच अंगावर आली?"

"हो. आणि आमच्याकडे तुमचा जुनाच पगार दिसतोय. एवढाच आहे का?"

अय्याजनं खिशातून पगाराची स्लिप काढली. अकरा दिवस ती खिशातच होती. तनुजानं ती वाचली आणि त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टर ज्या नजरेनं गोळ्या न घेणाऱ्या पेशंटकडे बघतात, तशी ती नजर होती.

"ही पगारवाढ झाली तेव्हाच दाखवायला हवी होती. एका बँकेकडे मागायचं, एकदाच मागायचं, आणि लागेल तेवढंच. कार्ड भरलेलं असताना तर मागूच नये. निम्म्याहून पुष्कळ मोकळं असलं की बँक निवांत असते. तुमचे हप्ते कधी चुकले नाहीत, रेकॉर्ड चांगलं आहे." तिनं पडद्यावरच्या जुन्या नोंदी उघडल्या. "सर, जानेवारीत बँकेनं स्वतःहून तुम्हाला अडीच लाखांचं लिमिट देऊ केलं होतं. ॲपवर फक्त 'होय' दाबायचं होतं. महिनाभर ते तुमच्यासाठी उघडं होतं."

अय्याजला ते चांगलं आठवत होतं. मेसेज आला तेव्हा तो कँटीनमध्ये जेवत होता. त्यानं तो दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. पहिल्या ऑफरला हो म्हणणारा परचेस ऑफिसर अजून जन्मायचा होता.

"आता काही करता येईल का, मॅडम?"

"माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं," ती म्हणाली, आणि ते खरं वाटत होतं. "सहा महिने थांबा. तोवर कुठेही अर्ज करू नका."

अय्याज बाहेर येऊन गाडीपाशी बराच वेळ उभा राहिला. गेल्या वर्षी त्यानं कंपनीचे एकोणचाळीस लाख वाचवले होते. त्याबद्दल त्याला मालकांच्या हातून शाल मिळाली होती. आणि बापासाठी त्याला एक 'होय' दाबता आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला घासाघीस करायला समोर कुणी नव्हतं.

घरी येऊन त्यानं अन्वरभाईंच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. शेजारच्या गल्लीतही ते कळलं. अन्वरभाई रागावले नाहीत. "मंग अरबाजला सांग," एवढंच म्हणाले. अरबाज म्हणजे मदिनाचा भाऊ. ते रागावले असते तर अय्याजला बरं वाटलं असतं.

निकाहच्या दिवशी हॉलमध्ये चारशे माणसं होती. काझीसाहेब नवरीच्या बाजूनं बोलणारा वकील आणि दोन साक्षीदार घेऊन नवरीच्या खोलीकडे निघाले, आणि लगेच मदिना दारात आली. "जिकरा म्हणतीये, साक्षीदार अब्बाच. नाहीतर ती बोलणारच नाही." अरबाज मुकाट्यानं बाजूला झाला. अय्याजनं अन्वरभाईंना कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठवून आणलं. काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, पण पेन हातात दिल्यावर कळलं, आणि त्यांचा चेहरा ताठ झाला.

काझीसाहेबांनी विचारलं. जिकरा खाली मान घालून म्हणाली, "कबूल आहे." दुसऱ्या साक्षीदारानं सही केली. अन्वरभाईंनी पेनाचं टोपण काढलं नाही.

"भाईजान, तिनं म्हटलं," काझीसाहेब त्यांच्या कानाशी म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"तुमी ऐकलं असंल," अन्वरभाई म्हणाले. "म्या न्हाई."

खोलीत नवऱ्या मुलाच्या मावशा बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. जिकरानं मान वर केली आणि जरा मोठ्यानं म्हटलं. अन्वरभाई तिच्या ओठांकडे बघत राहिले आणि त्यांनी हळूच मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. नात समोर बसली होती, तिचे ओठ हलत होते, आणि या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. अय्याजनं त्यांचा हात धरला, त्यांना न्यायला.

तेव्हा जिकरा उठली. ओढणी दोन्ही हातांनी मागे टाकून ती त्यांच्यापुढे आली आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेऊन ओरडली, "अब्बा, कबूल आहे!"

बाहेर चारशे माणसांचं बोलणं बंद पडलं. वाढपी भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. एका मावशीनं तोंडावर हात ठेवला. अय्याज भिंतीकडे वळून रडू लागला, आणि कोण बघतंय याची त्याला फिकीर राहिली नाही.

अन्वरभाईंनी टोपण काढलं, कागद गुडघ्यावर नीट बसवला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग काझीसाहेबांकडे बघून म्हणाले, "आता म्या ऐकलंय."