देवकाबाईंच्या बांधीचं जस्त

माती तपासणीच्या नोकरीत किस्से शोधावे लागत नाहीत. लोक ते पिशवीतून आणतात, आपण फक्त गाठ सोडायची! बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या लालबर्राच्या छोट्याशा लॅबमध्ये साचलेले निम्मे किस्से तर एकट्या देवकाबाईंचे.

बाईंचा नवरा मलाजखंडच्या खाणीत, शेती त्याच बघतात. बांधी म्हणजे आमच्याकडे बांध घातलेलं धानाचं शेत. कालव्याजवळच्या त्यांच्या बांधीतला धान दोन वर्षं पिवळा पडत होता. धाकट्या दिराचा घोशा सुरू, "वहिनी, ते बांधी मले द्या, माह्यी टेकडावरची घ्या." जमीन खरंच बिघडली असेल तर देऊन टाकायची, असं बाईंनी ठरवलं होतं. पण आधी टेस्ट!

*

पहिल्यांदा माती आली ती मऊ, काळीभोर, चाळलेली. मी रिझल्ट बघून खूश.

"बाई, एवढी सुपीक? बांधीत कुठून काढली?"

"बांधीतली कायले? वांग्याच्या वाफ्यातली हाय. सायबायसमोर ठेवाची तं चांगली नको का?"

*

दुसऱ्यांदा माती बांधीतलीच होती, पण त्यात पांढरे दाणे चमकत होते. युरिया!

"हे काहून टाकलं?" घाबरून माझ्याही तोंडून 'का'ऐवजी 'काहून'च निघालं.

"पास व्हाले पाह्यजे ना, मॅडम!"

*

तिसऱ्यांदा पिशवीतून खेकडा निघाला. मी किंचाळून स्टुलावर. आमचे मेश्राम सर धावत आले, खेकडा पाहिला आणि तेही टेबलावर!

बाई खालून शांतपणे म्हणाल्या, "आता तरी पटलं ना, माती बांधीतलीच हाय म्हनून?"

*

शेवटी मीच बांधीवर गेले. चार कोपरे झाले, मधली माती खणायला वाकले, तोच बांधावरून दीर ओरडला, "मॅडम, जपून! साप हाय तेथं!"

मी सॅम्पल छातीशी धरून जी धावले, ती थेट रस्त्यावर. मागून बाई आल्या.

"बाई, खरंच साप आहे?"

"हौ. तो पाहा, बांधावर उभा!"

*

रिझल्ट सांगायला घरी गेले, तर दीर ओसरीवर आधीच हजर. मी वाचायला लागले, "जस्त कमी आहे, बाकी माती..."

'चांगली' म्हणेपर्यंत बाईंनी हंबरडाच फोडला. "अगं माय वं! माह्या बांधीतलं जस्त गेलं!"

मी इतकी दचकले की मलाही रडू फुटलं.

दीर ताडकन उठला. "वहिनी, मॅडमबी रडून राह्यली! एवढं खराब हाय का?"

"घ्या भाऊजी, आजच घ्या ते बांधी! द्या तुमची टेकडावरची!"

"नाही, नाही! मले नको. तुमची तुमच्यापाशीच राहू द्या!" एक चप्पल पायात, एक हातात, असा तो फाटकाबाहेर पडला.

बाईंनी पदराआडून एक डोळा उघडला.

"मॅडम, हे जस्त लालबर्रातच भेटते, का बालाघाटले जा लागते?"