पालथ्या तोंडाचं माप

बेटेगावच्या धर्माजी सुताराला हंड्याचं माप घ्यायला पट्टी लागत नसे. हंडे ठेवायच्या घडवंचीला भोक पाडायचं तर तो हंडाच फळीवर पालथा घाली, तोंडाभोवती पेन्सिल फिरवी आणि तेवढं कापी. हंड्याचं पोट तोंडाहून मोठं. बूड आत जाई, पोट अडकून बसे. चाळीस वर्षांत त्याच्या भोकातून एकही हंडा खाली गेला नव्हता.

पण अठ्ठ्याऐंशी साल उजाडेपर्यंत घरोघर नळ आले आणि हंडे माळ्यावर गेले. धर्माजीचा मुलगा प्रताप बोईसरला कारखान्यात लागला होता. बापाने शाळेची खिडकी तिरकी बसवली, हे त्याला चहाच्या टपरीवर ऐकून घ्यावं लागलं होतं. "बाबा, आणखी एक काम बिघडलं ना, तर हत्यारं माळ्यावर टाकीन," असं त्याने सांगून ठेवलं होतं.

तशात तारापूरहून साखरबाईने बोलावणं धाडलं.

साखरबाईचे गुडघे गेले होते. मोरीत बसलं की उठवत नसे, म्हणून मुलाने भिंतीला बेसिन लावून दिलं. महिन्याभरापूर्वी ती त्या बेसिनवर रेलली आणि ते भिंतीतून उखडून तिच्यासकट खाली आलं. तेव्हापासून सून पुष्पलता रोज सकाळी तांब्या घेऊन तिचं तोंड धुववी. कधी कुरकुरली नाही.

"कुरकुरली असती तर भांडले तरी असते," साखरबाई धर्माजीला म्हणाली. मग तिने ओटीवरची फणसाच्या लाकडाची, सपाट फळीची घडवंची दाखवली. "तुज्या बापानं केलेली हाय. तीन भरले हंडे उभे असायचे हिच्यावर. मी काय तीन हंड्यांवून जड?"

"लगीन होऊन आलात तेवा नव्हतात, वयनी."

पुष्पलताने नवं बेसिन आणून ठेवलं होतं, पांढरंशुभ्र, कडेला निळी रेघ. "काका, ते वरच्या फळीत बसवायचं. माप तेवढं नीट घ्या."

धर्माजीने बेसिन फळीवर पालथं घातलं आणि पेन्सिल फिरवली.

जुना फणस, लोखंडासारखा झालेला. दुपारपर्यंत तो करवत ओढत होता. कड अशी गोल आली की त्याने दोनदा बोट फिरवून पाहिलं. मग दोघींना हाक मारली, बेसिन दोन्ही हातांनी उचललं आणि अलगद भोकात सोडलं.

ते थेट खाली गेलं आणि भुशाच्या ढिगात बसलं.

पुष्पलताने आधी ते उचलून तडा गेलाय का बघितलं. गेला नव्हता. मग ती म्हणाली, "काका, हे बसवायचं होतं. निजवायचं नव्हतं."

धर्माजी बेसिनकडे बघत राहिला. त्याला पोटच नव्हतं. सगळ्यात रुंद होतं ते तोंड, आणि त्याने तोंडाएवढंच भोक पाडलं होतं. डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं, हाताने बरोबर कापलं होतं. दोष द्यायला म्हातारपणही हाताशी नव्हतं. तो हत्यारं गोणपाटात गुंडाळू लागला.

"कुठं निघालास?" साखरबाईने विचारलं.

"चूक माजी हाय, वयनी. बापाची फळी वाया घालवली."

साखरबाई काठी टेकत घडवंचीपाशी आली. भोकात वाकून पाहिलं. "हे पोटवाल्याचं भोक हाय. मग पोटवालंच आणू. पुष्पे, माळ्यावरचं घंगाळ उतरव."

"घंगाळात तोंड धुवायचं? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांचे गुडघे गेलेत का?"

पूर्वी आंघोळीचं पाणी काढायचं ते तांब्याचं घंगाळ काळवंडून गेलं होतं. धर्माजीने ते भोकावर ठेवलं. बूड आत गेलं, पोट अडकलं. वर चार बोटं काठ राहिला आणि दोन्ही बाजूंना दोन कड्या.

पुढे दोन दिवस गेले. घडवंची उखडलेल्या बेसिनच्या नळाखाली नेली. सालवडचा नळवाला घंगाळाच्या बुडाला भोक पाडून नळी जोडून गेला. जाताना म्हणाला, "चाचा, ये तो सौ साल नहीं हिलेगा." धर्माजीने लाकडाला अळशीचं तेल पाजलं, पायांखाली पाचरी ठोकल्या. पुष्पलताने न सांगता घंगाळ चिंचेने घासून लख्ख केलं.

साखरबाईने दोन्ही कड्या धरल्या आणि अंगाचा सगळा भार टाकला. धर्माजी वाकून पाचरींकडे बघत होता. घडवंची करकरलीसुद्धा नाही. मग तिने एक हात सोडला, नळ उघडला आणि सावकाश, मानेमागे पाणी जाईपर्यंत तोंड धुतलं.

पुष्पलता सवयीने तांब्या घेऊन दारात उभी होती.

"ठेव तो," साखरबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "आनि चहा टाक. तिघांना."

धर्माजी निघाला तेव्हा पुष्पलताने पांढरं बेसिन दाखवलं. "काका, हे मागच्या पडवीत बसवाल? पण रेघ मी मारणार."

"आतून मार," धर्माजी म्हणाला. "काठाच्या आतून."

संध्याकाळी प्रतापने विचारलं, "काम कसं झालं?"

धर्माजी पाय धूत होता. "चुकलं."

"मग?"

"बसलं. परवा परत बोलावलंय."

प्रतापने हत्यारांचं गोणपाट उचललं. माळ्याकडे एकदा बघितलं, आणि ते दारामागच्या खुंटीला अडकवलं.