तू घाबरलीस का?

साक्षी माणसांना घाबरवते आणि त्यासाठी तिला पीएच.डी. मिळणार आहे, असं मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगायचे तेव्हा सगळे हसायचे. मीही हसायचे. नांदेडला श्रीनगरात आम्ही दोघी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि ती प्रयोगशाळेत लोकांना भीतीचे झटके आणते.

झटका म्हणजे पॅनिक अटॅक. छाती धडधडते, घसा आवळतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार याची माणसाला पक्की खात्री होते. डॉक्टर तपासतात तर हृदय ठणठणीत. साक्षीचं म्हणणं असं, की गुदमरायला लागलं की सायरन वाजवणारी एक जागा मेंदूत असते आणि काही माणसांत ती फार हळवी असते. काही गाड्या नाही का, टपावर मांजर चढलं तरी बोंबलतात, तसंच. पण ती हळवी का, रक्तात काय वेगळं असतं, बापाकडून लेकराकडे काय येतं, हे शोधण्यात तिची चार वर्षं चालली आहेत.

तुलनेसाठी तिला धडधाकट माणसंही लागतात, म्हणून गेल्या हिवाळ्यात तिने मला खुर्चीत बसवलं. शेजारी डॉक्टर उभे होते. तोंडावर मास्क, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एकच खोल श्वास. मी स्वतःला मोठी धीराची समजत होते. तो श्वास आत गेला आणि माझी तंतरली. खुर्ची सोडून पळावं, दार फोडावं असं वाटलं. तेवढ्यात साक्षीचा आवाज आला, सपाट, ना गोड ना कडक. "भीती वाटेल. ती वाढेल आणि आपोआप उतरेल. तुम्हाला काही होणार नाही. बसून राहा." घरी माझ्याशी तावातावाने भांडणारी हीच का ती, असा प्रश्न पडला. पण त्या आवाजाला धरून मी बसले आणि खरंच उतरलं. संशोधकाच्या आवाजात भीती आली तर समोरच्याची भीती वाढते आणि सगळी मापं चुकतात, म्हणून हा आवाज तिने घोटून घोटून कमावला होता.

तो तिने सगळ्यांत आधी वापरला तिच्या वडिलांवर. शेषेराव शिरूर अनंतपाळ तालुक्यातले शेतकरी. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनच्या ढिगापाशी उभे असताना त्यांना पहिला झटका आला. हार्ट अटॅक समजून लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. रिपोर्ट चांगला. पुढे पुन्हा तेच, पुन्हा रिपोर्ट चांगला. मग गावात कुजबुज सुरू झाली, की शेषेराव नाटकं करून राहिला. धिप्पाड माणूस, पण बाजारात जायचा बंद झाला. साक्षी तेव्हा एमएस्सीला होती. दुसरा विषय जवळजवळ ठरलेला होता, तो सोडून तिने हा घेतला.

रोज संध्याकाळी ती त्यांना फोन करायची आणि त्याच सपाट आवाजात शिकवायची. आबा, सायरन खोटा आहे. पळू नका. मधेच उठलात तर भीती जिंकते. जागेवर बसा, उतरू द्या. आणि ते शिकले हो! वर्षभरात शेषेराव मोंढ्यात जाऊ लागले. झटका आला तर पोत्यावर बसायचे, "खोटा हाय, खोटा हाय" म्हणत डोळे मिटायचे आणि उठून भाव विचारायचे. शिरूरच्या बसस्टँडवर अनोळखी माणसाला गाठून लेकीचं शास्त्र ऐकवायचे. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. साक्षीला तर बक्षीस मिळाल्यासारखं झालं होतं.

यंदा मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, आम्ही कूलरसमोर आंबे चिरत बसलो होतो. साक्षीच्या भावाचा, शिवमचा फोन आला. शेतातल्या जुन्या विहिरीतली मोटर बंद पडली होती, ती काढायला आबा उतरले होते. शिवम नि शेजारचे गुरुलिंग काका काठावर थांबले होते.

"ताई, आबा मधल्या टप्प्यावर बसलेत," शिवम म्हणाला. "छाती आवळून राहिली म्हणतेत. वर या म्हणलं तर हसतेत. म्हणतेत, ताईनं सांगितलंय बसायचं, उतरल्यावर काम करतो. बसू देऊ ना?"

साक्षीच्या हातातली सुरी तशीच राहिली. मला क्षणभर काही कळलं नाही. तिच्या चेहऱ्याचा रंग गेलेला पाहिला आणि मग कळलं. बरेच दिवस न उपसलेल्या विहिरीत उन्हाळ्यात घाण हवा साठते, हे तिकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर आधी पेटता कंदील सोडायची रीत; तो विझला तर उतरायचं नाही.

"कंदील सोडला होता का?" तिने विचारलं.

"कंदील कुठला आता? मोबाइलची टॉर्च लावून बादलीत सोडला. तळापर्यंत लख्ख दिसलं."

टॉर्चला हवा लागते होय! मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं. आबांचा सायरन आज खरा होता आणि ते लेकीचं ऐकून त्याच्यापाशी शांत बसले होते.

"मी उतरतो," शिवम म्हणाला. साक्षी म्हणाली, "पाऊल टाकायचं नाही. तू गेलास तर दोघंही जाल. गुरुलिंग काकांना तुझा हात धरायला सांग. मोटरीचा जाड दोर आहे ना, त्याला बादली बांध, हा फोन स्पीकर लावून बादलीत टाक आणि आबांजवळ सोड. दोर मात्र हातातून सोडू नका."

स्पीकरवर बादली दगडांना आपटत खाली गेल्याचं ऐकू येत होतं. रेंज जाईल म्हणून मी देवाचं नाव घेत होते. मग खरखर झाली आणि आबांचा आवाज आला, जड, झोपेतल्यासारखा.

"साक्षे, आज लई जोरात वाजून राहिला बघ. पर मी हललो न्हाई."

त्यात केवढा अभिमान होता!

"आबा, दोर कमरेला बांधा आणि वर या," साक्षी म्हणाली.

"आत्ता न्हाई. मधीच उठलं तर भीती जिंकती. उतरू दे."

"आबा, हा सायरन खरा आहे. तिथली हवा खराब आहे. दोर बांधा."

"हवा थंडगार हाय की." ते धापा टाकत होते. "बोल, बोलत राहा. तुझा आवाज आला की बरं वाटतं."

मी साक्षीकडे पाहिलं. हा तर खुर्चीचा आवाज होता! संकटात तिच्या गळ्यातून तोच निघत होता. ती म्हणत होती वर या आणि आवाज सांगत होता बसून राहा. एवढे दिवस आबांनी त्या आवाजाचंच ऐकलं होतं, शब्दांचं नव्हे. तिलाही ते त्याच क्षणी उमगलं असावं. तिची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, ओठ पांढरे पडले. आणि मग तिने जे इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ते एकदम सुटलं.

"आबा! आबा, मला भ्या वाटून राहिलं! या ना वर! आबा, तुमी मराल तिथं!"

अशी किंकाळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पलीकडून फक्त श्वास.

"साक्षे," आबा म्हणाले, "तू घाबरलीस का?"

"हाव."

"लई?"

"लई, आबा, लई!"

दोर घासल्याचा आवाज आला. एकदा "थांब" असं काहीतरी ऐकू आलं. मग काहीतरी पाण्यात पडलं आणि फोन बंद झाला.

शिवमचा नंबर लागेना. गुरुलिंग काकांचा नंबर आमच्याकडे नव्हता. पाण्यात पडलं ते काय, एवढा एकच प्रश्न त्या खोलीत उरला होता आणि तो विचारायची दोघींपैकी एकीचीही हिंमत नव्हती. साक्षी भिंतीला टेकून जमिनीवर बसली, गुडघे छातीशी घेऊन, आणि मला म्हणाली, "माझे हात बधिर झालेत." मी ते चोळत बसले. भीती उतरेल, असं मी तिला म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

किती वेळ गेला कोण जाणे. अनोळखी नंबरवरून फोन आला. तिने तो माझ्याकडे ढकलला.

"गुरुलिंग बोलतो. काढला वर. वर येता येता मान टाकली व्हती, पर श्वास हाय. लातूरला घेऊन निघालो. शिवमचा फोन तेवढा पाण्यात पडला."

लातूरच्या दवाखान्यात आबा ऑक्सिजनवर होते. त्यांच्या तोंडावरचा मास्क पाहून साक्षी दारातच थबकली. आठवड्याभरात ते घरी गेले, पण त्यांचे झटके परत आले, पहिल्यापेक्षा वाईट. "आता खरा कोनता नि खोटा कोनता, कसं वळखायचं?" त्यांनी तिला विचारलं.

तिने काम सोडलं नाही. खुर्चीत बसणाऱ्याला ती अजून तेच वाक्य सांगते, फक्त आता म्हणते, "या खोलीत तुम्हाला काही होणार नाही."

आणि आबांच्या प्रश्नाचं उत्तर आबांनीच शोधलं. झटका आला की ते तिला फोन करतात, मोंढ्यातून, शेतातून, भर रस्त्यातून. ती विचारते, कुठे आहात, हवा मोकळी आहे का, कुणी जवळ आहे का, छातीतली कळ हातात जाते का. मग ते विचारतात, "तू घाबरलीस का?" ती "न्हाई" म्हणाली की शेषेराव बसून राहतात.

परवा असा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "न्हाई, आबा," ती म्हणाली, एकदम सपाट, आणि दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट असं घट्ट धरलं होतं, की तिची नखं रुतली.