तांडेलाचं ताट

माझे वडील दातिवऱ्याला तांडेल होते. बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. कुणाच्या हातून जाळं फाटलं तर ते ओरडत नसत, सगळ्यांसमोर म्हणत, "आसू दे, माज्या हातून पन फाटलंय." म्हणून माणसं त्यांना धरून होती. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तिथे रोजची मजुरी मिळू लागली, तरी आमचा एकही खलाशी तिकडे गेला नाही.

त्याच हंगामात वादळात सापडलेल्या आमच्या बोटीवरून एक खलाशी समुद्रात पडला. वडील दिवसभर बोट फिरवत राहिले, पण तो मिळाला नाही. त्याचं तेरावं होईपर्यंत गावात कुणी मासळी खाल्ली नाही. मग एकेका घरात कालवण शिजू लागलं. वडील मात्र समुद्रावर जात, मासळी आणत, आणि घरी नुसता मीठभात खात. वर्ष उलटलं तरी तेच. मला संताप यायचा. बोटीवर सगळ्यांना माफी वाटणारा हा माणूस स्वतःला चिमूटभर देत नव्हता.

एका दुपारी त्या खलाशाची बायको बोंबलाचं कालवण घेऊन आली. तिनेच ताट वाढलं.

"दादा, मी खाते आता. तुमी पन खा. माजा तुमच्यावर राग नाय."

वडिलांनी भात कालवला, घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

"तुजा नाय गो," ते म्हणाले. "माजा हाय."