प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या खडकीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. सगळे वेदीकडे जायचे आणि पप्पा बाकावरच बसून राहायचे. विश्रांतवाडीच्या पुढे आजोबांची जमीन होती. काकांनी आपला हिस्सा बिल्डरला विकला आणि दोघा भावांमधला सलामसुद्धा बंद झाला. मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. काका बिनधास्त पुढे जायचे, त्याचा पप्पांना आणखी राग यायचा.

माझं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, फार लांबलं होतं. त्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नाही. पण त्यासाठी चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर उभं राहून पाळकांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं द्यायची, या भीतीने मी आधी इंग्रजी शाळेचं, मग कॉलेजचं, मग हिंजवडीतल्या नोकरीचं कारण सांगत राहिले. शेवटी तयार झाले. त्या दिवशी पप्पांनी माझ्या शेजारी गुडघे टेकावेत, एवढंच मला हवं होतं. मागायला मात्र जीभ रेटत नव्हती.

आदल्या संध्याकाळी त्यांना उत्तरं म्हणून दाखवताना बोलून गेले, "पप्पा, उद्या मी एकटीच पुढे जायचं का?"

त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. "चल."

काकांच्या नव्या फ्लॅटचं दार काकूने उघडलं. पप्पा बाहेरच थांबले.

"सलाम."

"सलाम, दादा," काका आतून म्हणाले. "बिल्डरच्या घरातला चहा चालेल ना?"

"साखर कमी असेल तर."

"आधी आत या," काकू म्हणाली. "भांडण बसूनही करता येतं."

पप्पा बसले. "जमीन विकलीस ते मला पटलेलं नाही. पटणारही नाही. पण रोज देवाचं राज्य येवो म्हणायचं आणि तुला बघून मान फिरवायची, हे आता होत नाही माझ्याच्याने."

काकांनी चहाचा कप पप्पांपुढे सरकवला. "तुला विचारायला हवं होतं मी."

"हवं होतं."

चहा संपेपर्यंत पुन्हा जमिनीवरून आवाज चढलाच. पण कुणी उठून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका उत्तराला मी अडखळले. पाळक थांबले, मी पूर्ण केलं. मग पुढे गेले. पप्पा मागून आले आणि माझ्या खांद्याचा आधार घेत त्यांनी गुडघे टेकले. पलीकडून काका कुजबुजले, "सरक जरा." पप्पा सरकले, मी वेदीसमोरच्या कठड्याच्या टोकाला चिकटले. पाळकांनी भाकरी आधी माझ्या तळहातावर ठेवली, मग पप्पांच्या.