पट्ट्यांखालचा बर्फ

इस्त्रीखाली प्लास्टिकची पिशवी वितळली आणि त्या वासानं मला घाटकोपरच्या मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये नेलं. तिथे कामाला असताना मी आणि गोराईचे पास्कलकाका मुलांना स्नो स्कूटरवर फिरवायचो. संध्याकाळी बर्फ विरळ झाला, की स्कूटरखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कोरड्या लादीवर घासून असाच वास सुटायचा. एकदा भरगर्दीत काकांनी स्कूटर बंद केली आणि होडी ओढण्याआधी वाळूवर पाणी मारतात तसा बादलीभर बर्फ पट्ट्यांखाली पसरला.

“काका, रांग आहे ना बाहेर.”

“असू दे रे. कोरडी ओढली तर झिजते ती. गार होऊ दे.”

तोवर काका गुडघा चोळत उभेच होते. मला त्याचं तेव्हा काही वाटलंही नाही.

आज त्यांच्या तेव्हाच्या वयाचा झालोय. इस्त्री गार होईपर्यंत मीही गुडघा चोळत उभाच राहिलो.